पहिल्या दगडाचा मान

जातं रिकामं फिरवलं की त्याचा आवाज लपत नाही. दाणे असले की ते घुमतं, पोटभर जेवून पारावर बसलेल्या माणसासारखं. दाणे नसले की दगडावर दगड घासतो आणि ऐकणाऱ्याच्या दातांतून कळ जाते. उंबरटाकळीच्या थोरल्या घरात माघ लागल्यापासून मनकर्णाबाई रोज पहाटे रिकामं जातं फिरवत होती. हुकूम नवऱ्याचा होता.

"फिरव," उकंडराव अंथरुणातूनच म्हणे. "वामन्याले आयकू गेलं पायजे. थोरल्या घरी दयन चालू हाये म्हनून."

वामनराव म्हणजे उकंडरावाचा चुलत भाऊ, धाकल्या घरचा मालक. दोन घरांच्या मधे एकच भिंत. भिंतीपलीकडे वामनरावाची बायको अन्नपूर्णाबाई तिचं जातं फिरवत असे, तेही रिकामं. मनकर्णाला ते पहिल्याच दिवशी आवाजावरून कळलं, आणि आपलं तिला कळलं असणार हेही त्याच वेळी कळलं. पण हुकूम तो हुकूम. दोघी जावा भिंतीला पाठ लावून पीठ न पडणारं दळण दळत, आणि दोघे नवरे आपापल्या अंथरुणात, शेजारचा फसला या समाधानानं कूस बदलत.

जर्मनची लढाई संपून दोन पावसाळे झाले होते. दुसरा पावसाळा पोळ्यापर्यंत शहाण्यासारखा वागला आणि पोळा झाल्यावर गेला तो गेलाच. ज्वारीला कणीस धरलं नाही. पऱ्हाटीला बोंडं आली ती बोराएवढी, आणि बोरांना तर तेवढंही होता आलं नाही. विहिरीत बादली सोडली की आधी गाळ लागायचा, मग पाणी. ज्यांचं हातावर पोट होतं ती घरं दिवाळीतच भांडीकुंडी बांधून खानदेशात कालव्याच्या कामावर निघून गेली. त्यांनी कोणाला विचारलं नाही, म्हणून ती जेवत होती. गावात राहिले ते जमीनवाले, आणि त्यांची अब्रू.

थोरल्या घरात अजून एक गोष्ट राहिली होती. आतल्या खोलीत तुराट्यांची एक कणगी होती आणि तिच्यात पुढच्या पेरणीची ज्वारी. मनकर्णानं संक्रांतीलाच कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपून बंद केलं होतं आणि लिंपण ओलं असतानाच त्यावर उजव्या हाताचा पंजा दाबला होता. कुलूप लोहाराकडून आणावं लागतं आणि लोहारच खानदेशात गेला होता. पंजा घरचा होता. कोणी कणगीला हात घातला तर पंजा फुटणार, आणि पुन्हा लिंपायला पंजा मनकर्णाचाच लागणार. घरचं खाणं मात्र आंबाडीच्या वाळक्या पाल्यावर आणि मूठभर कण्यांवर आलं होतं. उकंडराव अलीकडे रोज आत जाऊन त्या पंजाकडे पाहून येई. भूक लागलेला माणूस देवळात जातो तसा.

"अजून मजबूत हाये," तो बाहेर येऊन सांगे.

"मजबूतच ऱ्हाऊ द्या," मनकर्णा म्हणे. "तेच्यातलं खाल्लं तं मिरगात वावरात काय नेता?"

अशात सरकारनं नांदुऱ्याच्या सडकेवर खडी फोडायचं चाचणीचं काम काढलं. सरकारचं म्हणणं सरळ होतं. दुष्काळ आहे की नाही हे आभाळाकडे पाहून ठरत नाही. दुसऱ्या बाजाराच्या दिवसापर्यंत पन्नास माणसं आपल्या पायांनी खडी फोडायला आली तर दुष्काळ आहे. मग काम पावसाळ्यापर्यंत चालेल, आठवड्याला मजुरी मिळेल, म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट शिधा, आणि शेतसारासुद्धा पुढं ढकलला जाईल. एकोणपन्नास आली तर दुष्काळ नाही. मग हातोड्या गाड्यांत भरून लोणारकडे रवाना.

काम गावाच्या शिवेलगतच, गोटाळीच्या दगडाळ माळावर मांडलं होतं. मनकर्णा गवऱ्या वेचायला त्या अंगाला जाई तेव्हा पाहून घेई. ओव्हरसियर नीळकंठराव खामगावचे, छत्रीखाली खुर्चीवर बसलेले. नियमाप्रमाणे कामावर पाणी पाजणारा पाहिजे. तो होता, शेषराव नावाचा. लेकरांना निजवायला सावलीचा मांडव पाहिजे, तो होता. हातोड्या होत्या, टोपल्या होत्या, खडी मोजायची बिनबुडाची पेटी होती, खडीचा तुकडा योग्य आकाराचा आहे की नाही हे घालून पाहायचं लोखंडी कडं होतं. काम करणारं तेवढं कोणी नव्हतं. शेषराव दिवसभर नीळकंठरावांनाच पाणी पाजत होता. नीळकंठराव कर्तव्य म्हणून पीत होते.

"कोनी आलं का भाऊ?" मनकर्णानं एकदा विचारलं.

"एक बकरी आल्ती," शेषराव म्हणाला. "साहेबांनं लिहून घेतली नाही."

लोक येत नव्हते ते भूक नव्हती म्हणून नव्हे. भूक भरपूर होती. कारण मानाचं होतं. उंबरटाकळीत होळी पेटवायची तर आधी मानकऱ्यानं. पहिली तिफण मानकऱ्याची, नव्या विहिरीचं पहिलं पाणी मानकऱ्याचं. खडी फोडणं ही गावात नवीनच निघालेली गोष्ट. तिचा रिवाज कोणाला माहीत नव्हता, म्हणून लोकांनी माहीत होता तो लावला. मानकऱ्याच्या घरचा हात लागल्याशिवाय दुसऱ्यानं दगडाला हात कसा लावावा?

आणि मानकरी दोन होते. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी थोरल्या घरची की धाकल्या घरची, हे भांडण इतकं जुनं होतं की शेवटी गावानं दोन तोरणं बांधायला सुरुवात केली. एका हाकेला दोन्ही जोड्या सुटत. ज्याची जोडी मागं राही तो म्हणे, हाक आपल्या कानाला उशिरा पोचली. त्या भांडणापायी दोन्ही घरांत अबोला होता, आणि तो बायकांनीही पाळायचा होता.

पण खडीचं निघालं तेव्हा पारावर आक्रीत घडलं. उकंडराव उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला,

"वामन, आजपावतर लय भांडलो. जाऊ दे ते. खडीचा पहिला मान तुया."

वामनरावानं पागोटं नीट केलं. "नाही दादा. थोरलं घर असताना धाकल्यानं पुढं होनं बरं दिसत नाही. मान तुमचाच."

"तू घे."

"तुमीच घ्या."

"मी मोठा हाये. मी सांगतो, तू घे."

"मोठे हाये म्हनूनच म्हनतो."

इतक्या वर्षांत दोन घरं एकमेकांशी इतकं गोड बोलली नव्हती. पारावरच्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मग सगळे उठून उपाशी घरी गेले.

एक बाजार असाच गेला. दुसरा दोन दिवसांवर आला तेव्हा मनकर्णानं नवऱ्यापुढं पितळी ठेवली. पितळीत आंबाडी होती, आणि आंबाडीखाली पितळीच होती.

"तुमी गेल्याबिगर गाव जात नाही," ती म्हणाली. "गाव गेल्याबिगर काम ऱ्हात नाही. काम गेलं तं कनगी फोडा लागते."

"फोडू मंग."

"अन् मिरगात काय पेरसान? मान?"

उकंडराव पितळीकडे पाहत राहिला. "माह्या आज्यानं हत्तीवरून साखर वाटली व्हती वं."

"हत्ती कुठी हाये आता?"

"तो भाड्याचा व्हता."

"मंग साखर तरी ठेवाव थोडी."

त्यानं हात धुतले आणि बैलांपाशी जाऊन बसला. बैलांची नावं सुभेदार आणि जमादार. दोघांच्या फासळ्यांवर बोट फिरवलं तर तिथंही जात्यासारखा आवाज आला असता.

दुसऱ्या पहाटे मनकर्णानं जात्याला हात घातला, दोन फेरे दिले आणि खुंटा सोडला. पलीकडचंही थांबलं. अबोल्यात जावेशी बोलायला बंदी होती. भिंतीशी बोलायला नव्हती.

"भिंते," मनकर्णा म्हणाली, "मले तं वाट्टे, हे दोघं शरमेपायी पोरंबायको उपाशी मारतीन."

मग पलीकडून आवाज आला. "भिंते, तुले काय सांगू. आमच्या घरी तं कनगी फोडाले खुरपं घेऊन बसले व्हते काल. म्या खुरप्यावरच बसली."

"भिंते, तिनं बी पंजा मारला का कनगीवर?"

"मारला न. आजेसासूबाईनं शिकवलं ते दोघी नातसुनांले शिकवलं."

मनकर्णाला हसू आलं. ते भिंतीच्या कामाचं नव्हतं, म्हणून तिनं पदरात धरलं. "भिंते, याह्यले मान नको म्हनलं की नको असते. पन तोच मान तिसरा कोनी नेऊन राह्यला म्हनलं तं?"

भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. "कोन तिसरा?"

"शेजारच्या पिंपळगावचे इंद्रभान पाटील."

"ते येऊन राह्यले?"

"त्यायलेच माहीत नाही अजून," मनकर्णा म्हणाली. "पन आपल्या मालकांले माहीत व्हाले काय हरकत हाये?"

उन्हं वर यायच्या आत गवऱ्यांची टोपली घेऊन ती गोटाळीत गेली. नीळकंठराव छत्रीखाली होते. दोन आठवड्यांत ते इतकं पाणी प्याले होते की चेहऱ्याला तकाकी आली होती.

"साहेब, उद्या दगडाची पूजा करा," ती पदर सावरून म्हणाली. "नारय फोडा. वाजंत्री म्या पाहातो."

"बाई, हे दुष्काळाचं काम आहे, लग्न नव्हे. नियमांत नारळाला कुठंच जागा नाही."

"पान्याच्या भांड्याले हाये न साहेब?" शेषराव मधेच म्हणाला. "नारयात पानीच असते."

नीळकंठरावांनी शेषरावाकडे पाहिलं, रिकाम्या गोटाळीकडे पाहिलं, आणि उद्या संध्याकाळी लोणारकडे निघणाऱ्या गाड्यांचा विचार केला. त्या गाड्यांबरोबर त्यांनाही जायचं होतं. नारळ 'पाणी पाजण्याची भांडी' या सदरात बसला, नग एक.

त्या दिवशी दुपारी दोन्ही घरांत एकच बातमी पोचली. मनकर्णानं ती नवऱ्याला पाण्याच्या तांब्याबरोबर दिली.

"उद्या आपल्या शिवारातला पहिला दगड पिंपळगावचे इंद्रभान पाटील फोडून राह्यले म्हनतात. नारय हाये. वाजंत्री हाये."

उकंडरावाच्या हातातला तांब्या वाटेत थांबला. "कोनाच्या शिवारातला?"

"आपल्या."

"आपल्या दगडाले भाईरचा मानूस हात लावन?"

"तुमाले नको व्हता न मान."

"नको म्हनलं म्हनून काय पिंपळगावले द्याव लागते?" उकंडराव उठला. "माह्या कोट काढ."

भिंतीपलीकडे त्याच वेळी संदूक उघडल्याचा आवाज आला. धाकल्या घरचाही कोट निघाला होता.

बातमीला पाय असतात, आणि उपाशी गावात तर दुसरं काही चालण्यासारखं नव्हतंच. दिवस मावळेपर्यंत ती नाल्यापलीकडच्या वस्तीवर गेली, तिथं तिला पिंपळगावचा एक पाहुणा भेटला. पुढचं मनकर्णाच्या हातात राहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी उंबरटाकळी मिरवणुकीनं दुष्काळावर निघाली. पुढं हलगी आणि सनई. सनईवाल्याच्या पोटात काही नसल्यानं तो अर्धाच सूर काढी आणि उरलेला लोकांनी समजून घ्यायचा होता. मागं सुभेदार आणि जमादार, अंगावर पोळ्याच्या झुली. झुलींनी फासळ्या झाकल्या होत्या, म्हणून लांबून दोन्ही बैल सुखवस्तू दिसत होते. त्यांच्या बरोबरीनं, ना एक पाऊल पुढं ना मागं, वामनरावाची जोडी. फुलं नव्हती तर लिंबाचे डहाळे बांधले होते. उकंडरावाच्या अंगात लग्नातला काळा कोट होता. तो शिवला तेव्हा आत भरायला बराच उकंडराव होता. आता कोट पुढं चाले आणि उकंडराव मागून.

गोटाळीत पोचल्यावर वाद सुरू झाला. पहिला दगड एक, मानकरी दोन.

"दोन दगड घ्या," नीळकंठराव म्हणाले.

"तेचा दगड मोठा हाये," उकंडराव म्हणाला.

"यायचा ठिसूळ हाये," वामनराव म्हणाला. "फुकट फुटन."

दगड बदलले, पुन्हा बदलले. गावातले जाणते लोक दगडांना हात लावून मत देऊ लागले. शेवटी ठरलं की नीळकंठरावांनी छत्री उघडावी. छत्री उघडली की दोघांनी एकदम घाव घालायचा. नीळकंठराव म्हणाले छत्री तर उघडीच आहे, मिटवावी लागेल. मिटवली. मग ती उघडेना. दोन आठवडे उघडी राहून तिच्या काड्या तशाच अडकल्या होत्या. दोन मानकरी हातोड्या उगारून उभे, आणि सगळं गाव छत्रीकडे पाहत होतं.

मनकर्णा पाहत नव्हती. ती ढिगाच्या मागच्या अंगाला गेली, एक गोणपाट अंथरलं, पाय पसरून बसली. शेजारी दुसरं गोणपाट पडलं. अन्नपूर्णा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, अबोला होता. दोघींनी हातोड्या घेतल्या. एका मोठ्या दगडाला दोन बाजूंनी एकेक ठोका बसला आणि तो दुभंगला. मग दोघी आपापल्या अर्ध्याला लागल्या. हलगीच्या आवाजात ते कोणाला ऐकू आलं नाही. शेषरावानं तेवढं पाहिलं. तो घागर घेऊन आला आणि त्या कामावरचं पहिलं खरं पाणी त्यानं त्या दोघींना पाजलं.

"नाव सांगाव लागते बाई," तो हळूच म्हणाला. "अन् मालकाचं बी. साहेब तिकडे छत्रीत हायेत तं म्या ध्यानात ठेवतो."

नवऱ्याचं नाव सरळ घ्यायची रीत नव्हती. मनकर्णानं ठोका थांबवला नाही, त्यावरच म्हटलं,

"कनगीत बी राखलं शेनाचं लिंपन लावून,
उकंडरावांचं नाव घेतो खडीच्या ढिगावर बसून."

तिकडं सनईचा अर्धा सूरही थांबला, कारण शिवेवर धूळ उठली होती. सजवलेली दमणी आली, बसायची हलकी गाडी, मागं दोन बैलगाड्या भरून माणसं. दमणीतून इंद्रभान पाटील उतरले, भरजरी फेटा बांधलेले.

"मले बलावलं म्हनून आलो," ते म्हणाले.

"कोनं बलावलं?" उकंडराव म्हणाला.

"ते मले काय माहीत. पन कोनी मान देऊन राह्यलं म्हनल्यावर नाही कसं म्हनाव? आमच्या गावात बी कोनी खडीवर जात नाही. म्हनतात आधी तुमी जा." आणि ते हातोड्यांच्या ढिगाकडे चालू लागले.

छत्रीची वाट पाहायला आता वेळ नव्हता. दोन्ही हातोड्या एकदम खाली आल्या. वामनरावाच्या दगडाचा कोपरा उडाला. उकंडरावाच्या दगडाला काहीच झालं नाही. हातोडीच उसळली आणि कोटाची बाही खांद्यापासून उसवली. पण मान दगड फुटण्यावर नसतो, हात लागण्यावर असतो. गावानं गजर केला, नीळकंठरावांनी पाण्याचं नारळी भांडं फोडलं, आणि त्याच झटक्यानं त्यांची छत्री उघडली.

मान लागला तसं गाव दगडांवर तुटून पडलं. बायामाणसं गोणपाटं अंथरून बसली, पिंपळगावकरही बसले, आणि इतके दिवस मुक्या असलेल्या त्या गोटाळीत गारा पडल्यासारखा आवाज सुरू झाला. नीळकंठराव बोटांनी माणसं मोजत फिरले. एका टोकाला जाऊन पुन्हा परत आले. पुन्हा मोजली. मग खुर्चीवर बसले.

"एकोणपन्नास," ते म्हणाले.

मनकर्णाचा हात थांबला. तिनं भोवती पाहिलं. आजारी माणसं घरी होती, वाजंत्री वाजवण्याच्या कामावर, शेषराव सरकारी. दमणीच्या जुवाला टेकून इंद्रभान पाटील तेवढे उभे होते, हिरमुसलेले.

"पाटील, बसा न तुमी बी," ती म्हणाली.

"मी पाहुना हाये बाई. पहिला मान गेला. आता मी काय खडी कुटाले बसू?"

ती उठली. गुडघ्यांवरची कच झटकली आणि एक हातोडी पदरानं पुसून दोन्ही हातांवर धरून त्यांच्यापुढं नेली, विडा न्यावा तशी.

"पहिला मान घरच्यांचा. शेवटचा पाहुन्याचा असते."

"शेवटच्या दगडाचा मान असते?"

"तुमच्याकडे नसते का?" मनकर्णानं आश्चर्य दाखवलं. "आमच्याकडे त्योच मोठा."

इंद्रभान पाटलांनी हातोडी घेतली. "मंग शेवटचा दगड कुठी हाये?"

"ते दिवस बुडताना समजते. तोवर बसा लागते."

ते बसले. नीळकंठरावांनी मोठ्या आवाजात पन्नास म्हटलं, आणि उंबरटाकळीत अधिकृतपणे दुष्काळ पडला. लोक इतके खूष झाले की हलगीवाल्यानं पुन्हा एक ठेका धरला.

उकंडराव मोजणीपुरता बसला होता, आणि पन्नास ऐकताच कोटाची बाही हातात घेऊन घरी निघाला होता. तो वळला. "शेवटचा मान मोठा? हे कवापासून?"

"तुमी ऐकलं नाही का?" मनकर्णा ठोके देत म्हणाली. "वामनभावजी तं बसलेच हायेत त्याच्यासाठी."

वामनराव खरोखर बसला होता. त्याला अन्नपूर्णानं असंच काही सांगितलं होतं. उकंडरावानं कोट काढला, घडी केली, त्यावर बसला आणि दगड पुढ्यात ओढला.

त्या संध्याकाळी शेवटचा दगड कोणाचा हे ठरलं नाही. एकानं शेवटचा म्हणून फोडला की दुसरा आणखी एक पुढ्यात घेई. दिवस बुडाला, लेकरं पेंगली, तिघं मानकरी ठोके देतच राहिले. नीळकंठरावांनी हात जोडले तेव्हा निकाल उद्यावर गेला. उद्याचा परवावर.

त्यामुळं काम चाललं. उकंडरावाचे तुकडे पहिले काही दिवस कड्यातून जात नसत; शेषराव कडं फिरवून दाखवी, इकडून जाते, तिकडून नाही, आणि उकंडराव खाली मान घालून तो तुकडा पुन्हा फोडी. एकदा कपाळाला कपची लागली तर त्यानं ती वामनरावानं मारली असं ठरवलं आणि त्या रागात पेटी भरली. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले, मग येणं सोडून दिलं. आठवड्याच्या मजुरीत रंगूनचा तांदूळ मिळू लागला. उकंडराव भाताला जेवण मानत नसे, भात आजाऱ्याचा. तो तीन वेळा मागून घेई आणि वर भाकरीची आठवण काढी. बैलांना सरकारी गवताची गाडी नांदुऱ्याच्या स्टेशनावरून येई. सुभेदारानं ते गवत पहिल्या दिवशी नाकारलं. जमादारानं त्याच्या वाटचंही खाल्लं, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून सुभेदाराचा मान सुटला.

जातं काही दिवस बंदच होतं, कारण तांदूळ दळावा लागत नाही. पुढं बाजारात बाहेरची ज्वारी आली आणि मनकर्णानं घरात पहिली मूठ जात्यात टाकली. जातं घुमलं. पलीकडचंही घुमलं. दोन्ही अंथरुणांतून हुकूम मात्र आला नाही. दोन्ही मानकरी खडी फोडून मेल्यासारखे झोपले होते.

रोहिण्या सरल्या. सडकेच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग इतके लांबवर गेले की नीळकंठरावांना वरून विचारणा झाली, एवढी सडक आहे कुठं? काम बंद करायचा हुकूम आला त्या संध्याकाळी शेवटचा दगड पुन्हा तिघांत अडकला. शेवटी शेषरावानं तो उचलून घागरीखाली ठेवला, घागर डुगडुगत होती म्हणून, आणि निकाल तिथंच राहिला.

मृगाच्या तोंडावर मनकर्णानं आतल्या खोलीचं दार उघडलं. उकंडराव तिफण दोरखंडानं आवळत होता तो उठून मागोमाग आला. कणगीवरचा पंजा जसाच्या तसा होता, कडेला एक तडा नाही. मनकर्णानं ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि उजवा हात त्या पंजावर ठेवला.

हात बसेना.

बोटं खाचांच्या बाहेर राहत होती. अंगठा तर मातीत शिरेचना. तिनं हात काढून पुन्हा ठेवला.

उकंडराव वाकून पाहत होता. "हा पंजा तुया नाही," तो म्हणाला. "कोनी तरी कनगी उघडली अन् परत लिंपली. एखाद्या पोरीचा हात हाये हा."

मनकर्णानं तळहात त्याच्यासमोर उघडला. बोटांची पेरं जाड झाली होती, तळव्याला हातोडीच्या दांड्याच्या रुंदीचा वळ पडून तो घट्ट झाला होता. उकंडरावानं तो हात हातात धरून बराच वेळ पाहिला. मग स्वतःचा शेजारी धरून पाहिला. दोन्ही हात एकाच मालकाचे असावेत असे दिसत होते.

"संक्रांतीले एवढा व्हता?" त्यानं कणगीकडे बोट केलं.

"हाव."

त्याला काही म्हणायचं होतं. ते काय असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यानं कोपऱ्यातलं खुरपं आणून तिच्या हातात दिलं आणि माहीत होतं तेवढंच बोलला.

"फोड. पहिला मान तुया."

मनकर्णा खुरपं उगारून थांबली. भिंतीपलीकडून आवाज आला होता.

"भिंते," अन्नपूर्णा विचारत होती, "थोरल्या घरी हात बसला का? आमच्या इथं बसत नाही, तं हे मलेच चोर म्हनून राह्यले."

मनकर्णानं नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहू लागला.

"भिंते," ती म्हणाली, "इथं बी बसला नाही. तिले म्हना, खुरपं घे. अन् छत्रीची वाट पाहू नको."

भिंतीच्या दोन्ही अंगांना एकच ठोका वाजला, आणि ज्वारीचा वास दोन्ही घरांत एकदमच सुटला.